नऊ गाठी जाताना, आठ येताना

"मावशी, तुमच्या विमानतळापासून आमच्या विमानतळापर्यंत सहा हजार नऊशे किलोमीटर. नऊ तास," भाचा फोनवर मला समजावत होता. "बसून बसून पाय आखडतात. मधून मधून उठून चाल. आणि घाबरू नकोस."

"मोठा शहाणाच आहेस," मी म्हटलं. "मला अंतर शिकवतोस? साडेअकरा इंच आहे ते."

"काय?"

"तुझ्या आईला विचार. आणि तिला सांग, मी येतेय. कशाला येतेय ते आल्यावर सांगेन."

चौतीस वर्षं मी विमानाच्या तिकिटांच्या कचेरीत काढली. कुठून कुठे किती तास, मधे कुठे उतरायचं, कुठल्या बाजूच्या खिडकीतून डोंगर दिसतात, सगळं मला तोंडपाठ. माझ्या शब्दावर लोक सातासमुद्रापार जायचे. आणि मी स्वतः? सहासष्ट वर्षांची होईपर्यंत विमानाची पायरी चढले नव्हते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कुणी विचारलं तर म्हणायचे, सवड होत नाही. खरं कारण वेगळंच होतं. मी विमानात बसले असते तर गेले असते अक्काकडेच, आणि अक्काच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी छाती नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई आमची लवकर गेली, आम्हाला वाढवलं अण्णांनी. अण्णा शिंपी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दिवसभर मशीनची घरघर, इस्त्रीचा तो गरम कापडाचा वास, आणि फरशीवर चिंध्यांचा सडा. अण्णा आम्हाला नावाने हाक मारत नसत. एक मोठी, एक धाकटी. जगात त्यांना दोनच मापं ठाऊक होती असं अक्का चिडवायची.

अक्काचं लग्न होऊन ती दूरदेशी निघाली तेव्हा मी नुकतीच कचेरीत लागले होते. निघायच्या आठवड्यात अण्णा एकदा दुपारी कचेरीत आले. गळ्यात टेप तसाच. भिंतीवर आमचा मोठा नकाशा होता, अख्खी भिंत व्यापणारा. "दाखव, मोठी कुठे चाललीय," म्हणाले. मी दोन ठिकाणी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, टेप लावला आणि गिऱ्हाइकाची बाही मोजावी तशा सुरात म्हणाले, "साडेअकरा. लिहून घे."

सगळी कचेरी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचे साहेब भले माणूस, ते उठून आले आणि म्हणाले, "मास्तर, विमान असं सरळ जात नाही, वळसा घेतल्यासारखं जातं. पृथ्वी गोल आहे ना."

मला वाटलं, झालं, आता अण्णांना तासभर समजावत बसावं लागणार. अण्णा नकाशाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "बरोबर आहे. सपाट कापड खांद्यावर कुठे सपाट बसतं? कडेला गोलाई द्यावीच लागते." साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला.

"आणि वेळ किती लागतो?" अण्णांनी विचारलं.

"जाताना नऊ तास, येताना आठ," मी सांगितलं.

"रस्ता तोच ना? मग?"

"वारा, अण्णा. जाताना समोरून असतो, येताना पाठीमागून."

हे त्यांना फारच आवडलं. घरी आल्यावर त्यांनी जाड दोऱ्याचे दोन तुकडे कापले, एक निळा, एक लाल. निळ्याला नऊ गाठी मारल्या, लालला आठ. प्रत्येकात एक मोठ्या भोकाचं बटण ओवलं, कोटाचं. दर तासाला बटण एका गाठीवरून पुढे ओढायचं. गाठीवर ते जरा अडायचं आणि मग टक् करून सुटायचं. अक्काचं विमान उडालं त्या दिवशी अण्णांनी निळा दोरा मशीनच्या दांडीला बांधला. शिवता शिवता घड्याळ बघायचे, बटण ओढायचे, आणि मला सांगायचे, "मोठी आता समुद्रावर आहे." नवव्या गाठीला मशीन थांबवलं. "उतरली," म्हणाले. "आता सामान घ्यायला अर्धा तास, रस्त्याला अर्धा तास." तासाभराने म्हणाले, "पोचली." आणि मग जेवले.

पुढे दर दोन-तीन वर्षांनी अक्का यायची. ती निघायच्या दिवशी मशीनला लाल दोरा, परत जायच्या दिवशी निळा. लाल दोऱ्याच्या दिवशी अण्णा सकाळपासून गुणगुणत असायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, "घरी येताना तास कमी लागतो बरं का! वाराच ढकलतो पाठीमागून." निळ्याच्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. बोललं तर अंगावर यायचे. त्या दिवशी शिवलेल्या कपड्यांच्या तक्रारी हमखास यायच्या, आणि त्या ऐकून घ्यायला मी!

आता मुद्द्यावर येते. आडवळणं घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण इथे सांगायलाच हवं.

सव्वीस वर्षांपूर्वी अण्णांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. मी अक्काला कळवलं. सरळ येणारं विमान तेव्हा आठवड्यातून दोनदाच असायचं, आणि ते आदल्या दिवशीच निघून गेलेलं. म्हणजे मधल्या एका शहरात विमान बदलून यायला हवं. ती बिचारी म्हणाली, "तू सांगशील तसं करते. तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतंय?"

आमच्याकडे तेव्हा जाडजूड वेळापत्रकाचं पुस्तक असायचं, पातळ कागदाचं, मुंगीएवढ्या अक्षराचं. कचेरीचा एक नियम होता. मधे विमान बदलायचं असेल तर ते तिकीट एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवायचं. तोंडी हिशेब दोघांनी केल्याशिवाय तिकीट बाहेर जायचं नाही. समोरच्या टेबलावरचा सहकारी म्हणालाही, "आणा ताई, वाचतो." मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं तिकीट मला वाचून दाखवू नका." घाई तर होतीच, पण खरं सांगायचं तर ताठा होता. चाळिशी लागली होती, अक्षरं धूसर दिसत होती, आणि चष्मा लागलाय हे मला चारचौघांत कबूल करायचं नव्हतं. पहिलं विमान चार तासांचं, मधे दोन तास वीस मिनिटं, दुसरं पाच तासांचं. तिकडच्या कचेरीला तसंच कळवून टाकलं.

त्या मधल्या शहराला विमानतळ दोन होते. दोघांत अख्खं शहर आडवं, गाडीने दोन तास. पुस्तकात दोन्ही विमानतळांची विमानं शहराच्या एकाच नावाखाली छापलेली, आणि वेळेपुढे नखाएवढी खूण, कुठलं विमान कुठून सुटतं त्याची. ती खूण मी पाहिलीच नाही. अशी चूक रस्त्यावरचा माणूस करणार नाही, कारण तो बापडा विचारेल. विचारायची गरज नाही असं वाटणारा माझ्यासारखा जाणकारच ती करतो.

सकाळी अण्णांनी दोरा मागितला. उठवत नव्हतं त्यांना. मी पांढऱ्या दोऱ्याला चार गाठी मारल्या, थोडी जागा सोडली, मग पाच मारल्या. दोरा त्यांच्या छातीवर ठेवला. बटण ते स्वतः ओढत होते, दोन बोटांनी. चौथी गाठ झाली आणि दीड-पावणेदोन तासांनी पुढे दुकानात फोन वाजला.

अक्का होती. "अगं, इथून ते विमान सुटतच नाही म्हणतात! तासभर रांगेत उभी होते मी. काय करू?"

"तिथल्या लोकांचा घोळ असेल, पुन्हा विचार," मी म्हटलं आणि फोन ठेवून पुस्तक उघडलं. या वेळी अण्णांचा चष्मा डोळ्याला लावून. ती खूण पाहिली आणि पायाखालची जमीनच सरकली. दुसऱ्या विमानतळावर पोचायला तिच्याकडे आता वेळच उरला नव्हता. पुढची जागा दुसऱ्या दिवशी पहाटेची.

मागच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "बसली का दुसऱ्या विमानात?"

मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "बसली."

मग पाच तास मी त्या खोलीत बसून होते. अण्णा तासातासाने बटण ओढायचे, शेवटच्या दोन गाठींना मी हात दिला. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी बटण शेवटच्या गाठीवरून सुटलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की मला बघवेना. "उतरली," म्हणाले. मग म्हणाले, "सामान घ्यायला अर्धा तास. दार लोटून ठेव, कडी घालू नकोस." तो अर्धा तास पुरा व्हायच्या आत ते गेले.

अक्का दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दार लोटलेलंच होतं, आत खाट रिकामी होती. ती माझ्या गळ्यात पडून रडली, "मीच मूर्ख! त्या रांगेत उभी राहिले नसते, कुणाला तरी विचारून धावले असते, तर मिळालं असतं गं विमान. माझी वाट बघत बघत गेले ते."

तेव्हा सांगायचं होतं. मी तिला पाणी आणून दिलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ती परत गेली, आणि त्यानंतर या घरी कधीच आली नाही. "त्या दारातून आत यायला तोंड नाही माझं," म्हणायची. दर वर्षी त्या तारखेला तिचा फोन यायचा आणि दर वर्षी तेच वाक्य, "माझी वाट बघत गेले गं." मी म्हणायचे, "सोड ना अक्का." सव्वीस वेळा म्हटलं असेल.

आता माझे गुडघे बोलायला लागलेत. दुकान आणि मागच्या खोल्या सोडून लहान जागेत जायचं ठरवलंय. किल्ली देण्याआधी अक्काने एकदा त्या घरात यावं एवढंच मला हवं होतं. फोनवर विचारलं तर ती नाहीच म्हणाली. तिचं कारणच खोटं आहे हे जगात फक्त मलाच ठाऊक. मग ठरवलं, जायचं आणि सांगायचं. भीती होती, नाही कशाला म्हणू? मला धाकटी म्हणणारं आता एकच माणूस उरलंय. तिने दार दाखवलं असतं तर मी कुणाची धाकटी राहिले असते?

बटणांच्या डब्यात तिन्ही दोरे होते. डबा पिशवीत घातला आणि निघाले.

विमानात मी निळा दोरा मांडीवर ठेवला. उडताना खुर्चीचे हात घट्ट धरले, पण कुणाला कळू दिलं नाही. चौतीस वर्षांची अब्रू होती! मग समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा पडदा उजळला आणि त्यावर नकाशा आला. दोन शहरं, मधे वळसा घेतलेली रेघ आणि रेघेवर मुंगीच्या पावलाने सरकणारं इवलंसं विमान. अगदी अण्णांचं बटण. मला हुंदकाच फुटला. शेजारचे गृहस्थ घाबरून म्हणाले, "पहिल्यांदा बसलात का? काही होत नाही हो."

"मला ठाऊक आहे," मी डोळे पुसत म्हटलं. "वारा समोरून आहे, म्हणून नऊ तास." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

अक्काने दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. फोनवर आवाज म्हातारा होत नाही, माणूस होतं. "किती वाळलीस गं," ती म्हणाली. "आणि तू किती सुटलीस," मी म्हटलं. मग हसलो.

मी ठरवलं होतं, सामान सोडायच्या आधी सांगायचं. नाहीतर पुन्हा आज-उद्या झालं असतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती चहा गाळत होती. मी पांढरा दोरा टेबलावर ठेवला.

"अक्का, ते विमान तुझ्यामुळे नाही चुकलं. माझ्यामुळे चुकलं." आणि सगळं सांगितलं. चष्मा, खूण, सहकाऱ्याला दिलेलं उत्तर, सगळं.

गाळणी हातात तशीच धरून ती ऐकत होती. "म्हणजे मी रांगेत उभी राहिले नसते तरी..."

"तरीही नसतं मिळालं. विमानतळच चुकीचा होता."

"तुला कधी कळलं?"

"तुझा फोन ठेवला, त्यानंतर दोन मिनिटांत."

"दोन मिनिटांत कळलं आणि सव्वीस वर्षांनी सांगतेस."

आता जे होईल ते होईल म्हणून उरलेलंही ओकून टाकलं. "अजून एक आहे. मी अण्णांनाही फसवलं. मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं. तू विमानात बसलीस म्हणून सांगितलं. ते बिचारे बटण ओढत राहिले."

"थांब," अक्का म्हणाली. गाळणी खाली ठेवली. "शेवटच्या गाठीला काय म्हणाले?"

"काय म्हणणार..."

"धाकटे, त्यांचे शब्द सांग."

"'उतरली' म्हणाले."

"आणि?"

"'सामान घ्यायला अर्धा तास. दार लोटून ठेव, कडी घालू नकोस.'"

"आणि मग?"

"मग गेले. त्या अर्ध्या तासातच."

अक्का खुर्चीवर बसली. त्या बटणावर बोट ठेवलं. ते अजून शेवटच्या गाठीच्या पलीकडेच होतं, त्या दिवशी सुटलं तसं. "म्हणजे वाट बघत नाही गेले," ती म्हणाली.

"वाट कसली? त्यांच्या लेखी तू गावात पोचली होतीस."

आणि मग ती जी कडाडली! "अगं मेले! तिकीट चुकलं ते चुकलं, माणूस आहे, चुकतो. पण हे? 'उतरली' म्हणून हसत गेले माझे वडील, आणि हे तू बटणांच्या डब्यात घालून ठेवलंस? सव्वीस वर्षं मी रोज त्यांना दाराकडे डोळे लावून मरताना बघतेय! एक वाक्य होतं गं. एक वाक्य सांगायला तुला काय झालं होतं?"

खरं सांगते, त्या वाक्याकडे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. मला त्यात माझं पाप तेवढं दिसायचं. ते तिच्या मालकीचं होतं, आणि माझी चूक झाकायला मी तेही दाबून बसले होते.

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी चहा प्यायले नाही, तिचाही गार झाला. भाचा कामावरून आला, आमची तोंडं बघितली आणि काही न विचारता भांडी घासायला लागला. गुणी आहे पोर. दुसरा दिवसही तसाच गेला. मी आपली सामान न सोडता बसून होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्यासमोर येऊन बसली. पांढरा दोरा तिच्या मनगटाला गुंडाळलेला होता.

"लाल आणलायस?"

मी डबा पुढे केला. तिने लाल दोरा काढला, एकेका गाठीवरून अंगठा फिरवला. "आठच आहेत अजून," म्हणाली.

"वारा कुठे बदललाय?"

"घराची किल्ली कधी द्यायचीय?"

"महिनाअखेर."

"मग पुढच्या आठवड्यात निघू." माझा चेहरा उजळलेला बघून तिने बोट उगारलं. "पण तिकीट माझा मुलगा काढेल. तू हात लावायचा नाहीस."

भाच्याने काढलं. सरळ विमान, मधे कुठे उतरणं नाही. तरी मी म्हटलंच, "मोठ्याने वाचून दाखव." त्याने वाचलं, अक्काने पुन्हा वाचून दाखवलं, आणि मग मी चष्मा लावून एकदा वाचलं.

येताना खिडकीशी अक्का बसली. लाल दोरा तिने समोरच्या जेवणाच्या फळीच्या खिट्टीला बांधला आणि बटण कुणाला ओढू दिलं नाही, मलासुद्धा नाही. सातव्या गाठीनंतर तिने कपाळ काचेला टेकवलं. खाली आमचं गाव दिसायला लागलं, छपरं, रस्ते, गाड्या. चाकं जमिनीला टेकून विमान हादरलं तेव्हा तिने बटण आठव्या गाठीवरून ओढलं. टक्.

"उतरली," ती म्हणाली. स्वतःबद्दलच, अगदी अण्णांच्या सुरात.

सामान घ्यायला अर्धा तास लागला.